चाक, पत्रा आणि मधली फट : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये येणारे बहुतेक गिऱ्हाईक एकच वाक्य घेऊन येते : "गाडी खाली बसवली आहे, टायर घासतोय, तेवढा पत्रा वाकवून द्या." गाडी खाली बसवणे म्हणजे तिची उंची कमी करणे, आणि हा पत्रा म्हणजे चाकावरच्या मडगार्डची आतली कड. ती वाकवणे ही आमच्या कामाची सर्वांत शेवटची पायरी आहे आणि कित्येक गाड्यांच्या बाबतीत तिथपर्यंत जावेही लागत नाही. हे कळायला मात्र आम्हाला काही वर्षे लागली, आणि त्या शिक्षणाची फी आमच्याबरोबर काही गिऱ्हाइकांनाही भरावी लागली.

वडिलांनी १९९६ साली पुणे–बंगळूर महामार्गालगत पत्र्याच्या शेडमध्ये पंक्चर काढण्याचे आणि टायर बसवण्याचे दुकान सुरू केले. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि उरलेले आठ महिने ट्रक, असा तो धंदा होता. मी आयटीआय करून २००६ मध्ये दुकानात आलो, त्यानंतर दोन वर्षांनी कर्ज काढून अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचे मशीन घेतले, आणि त्या मशीनमुळे दुकानासमोर कारची रांग लागू लागली. त्याच सुमारास अलॉय व्हीलची हौस शहरात पसरली होती. आधी चाके मोठी झाली, मग चाक आणि मडगार्ड यांच्यामधली फट तरुणांच्या डोळ्यांत खुपू लागली, आणि "फक्त दोन बोटे जातील एवढी फट ठेवा" ही मागणी रोज ऐकू येऊ लागली.

आम्ही ती मागणी सर्वांत स्वस्त मार्गाने पूर्ण केली, म्हणजे मूळ स्प्रिंगची दीड कॉइल (वेटोळे) ग्राइंडरने कापून टाकली. संध्याकाळपर्यंत गाडी खाली बसत असे आणि गिऱ्हाईक खूश होऊन फोटो काढत असे. कापलेल्या स्प्रिंगची मूळ लांबीच कमी झालेली असल्यामुळे गाडी जॅकवर घेतली की स्प्रिंग आपल्या बैठकीत सैल खुळखुळते, आणि शॉकअब्सॉर्बरला दबण्यासाठी जी जागा हवी ती आधीच खर्च झालेली असल्यामुळे चाक प्रत्येक खड्ड्याला थेट बंपस्टॉपवर, म्हणजे चाकाचा वरचा प्रवास अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आदळते. हे आम्हाला दिसत होते. दिसत असूनही आम्ही ते काम करत राहिलो, हे इथे लिहिलेच पाहिजे.

२०११ च्या पावसाळ्यात आम्हीच खाली बसवलेली एक कार कोकणात जाताना करूळ घाटात अडकली. गाडीत पाच माणसे आणि डिकीभर सामान होते. गगनबावडा सोडून घाट उतरताना मागचे उजवे टायर फुटले, स्टेपनी लावल्यानंतर डावे टायरही तपासावे असे चालकाला सुचले, आणि त्याने मला फोन केला. मी दोन टायर घेऊन पोहोचलो तेव्हा धुके उतरले होते. मडगार्डच्या आत बोट फिरवले, तर तिथला रंग उडून गेलेला होता आणि आत वळवलेली पत्र्याची कड वस्तऱ्यासारखी लखलखीत झाली होती. डाव्या टायरच्या खांद्यावर, म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग बाजूच्या भिंतीला मिळतो तिथे, एकसारखी गोल खाच पडली होती आणि तिच्या तळाशी दोऱ्याचे पांढरे धागे दिसत होते. वळणावर गाडी झुकली की बाहेरच्या बाजूचे चाक दबते. भरलेली गाडी, कापलेली स्प्रिंग आणि एकापाठोपाठ एक वळणे असे सगळे जुळून आल्यावर ती कड दर वळणाला टायर कातत होती. त्या कुटुंबाने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि त्यामुळे परतीचा रस्ता अधिकच लांब वाटला. घरी वडील एवढेच म्हणाले, "टायर बदलून आलास खरं, पण पत्रा अजून तिथंच हाय की."

त्या आठवड्यापासून आम्ही स्प्रिंग कापणे बंद केले. आधी बसवून दिलेल्या गाड्यांपैकी ज्यांचे नंबर वहीत सापडले त्यांना बोलावून मूळ मापाच्या स्प्रिंग घातल्या, आणि त्या वर्षी नफा नावाची गोष्ट उरली नाही.

पुढचा प्रश्न असा होता की टायर घासतो म्हणजे नेमका कुठे घासतो. गिऱ्हाईक सांगते ते बहुधा आवाजावरून सांगते, आणि आवाज फसवा असतो. आम्ही एक साधी पद्धत बसवली. टायरच्या खांद्यावर खडूने जाड पट्टा ओढायचा, मडगार्डच्या आतल्या कडेला आणि प्लॅस्टिकच्या लायनरला मास्किंग टेप लावायची, मागच्या सीटवर आणि डिकीत मिळून वाळूची चार पोती ठेवायची आणि गाडी ठरलेल्या रस्त्यावरून फिरवून आणायची. वळणावर घासले तर खडू बाहेरच्या कडेला उमटतो, स्टिअरिंग पूर्ण फिरवून मागे घेताना घासले तर लायनरच्या टेपवर उमटतो, आणि आतल्या बाजूने शॉकअब्सॉर्बरच्या नळीला लागत असेल तर वरचा सगळा पत्रा वाकवूनही काही उपयोग नसतो. ब्रेक दाबतानाच आवाज येत असेल, तर पुष्कळदा लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश गेलेले असते आणि चाक मागे सरकून लायनरला टेकत असते. तिथे नवे बुश घातले की काम संपते.

या तपासणीत वारंवार सापडणारा गुन्हेगार अगदी क्षुल्लक आहे. बंपर आणि मडगार्ड जिथे मिळतात तिथे, चाकावरच्या कमानीच्या आतल्या कडेला, बंपर धरून ठेवणारा एक स्क्रू असतो आणि त्याचे डोके टायरच्या दिशेला असते. तो स्क्रू काढून चपट्या डोक्याचा बसवला किंवा जोड थोडा वर सरकवला, तर पंधरा मिनिटांत प्रश्न मिटतो. पहिल्यांदा हे उमगले तेव्हा त्या मालकाकडून पैसे घ्यावेत की नाहीत, यावर आमच्यात वाद झाला होता. आता तपासणीचे पैसे घेतो, स्क्रूचे घेत नाही.

जागा सापडली की आकडेमोड करावी लागते, आणि तिथे ऑफसेटचा आकडा सर्वांत अधिक बोलतो. रिमच्या आत 'ईटी' या अक्षरांपुढे तो कोरलेला असतो. चाक हबला (ज्या मधल्या भागावर ते बसते त्याला) जिथे टेकते ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर दूर आहे, ते त्यावरून कळते. समजा गाडीला मूळची ६ इंच रुंदीची, ईटी ४० ची रिम आहे आणि मालकाने ७ इंच रुंदीची, ईटी ३५ ची आवडीने घेतली. एक इंच म्हणजे २५.४ मिमी. त्यातले निम्मे, म्हणजे १२.७ मिमी, दोन्ही बाजूंना वाढतात. शिवाय ऑफसेट ५ ने कमी झाल्यामुळे संपूर्ण चाक ५ मिमी बाहेर सरकते. बाहेरची कड १७.७ मिमी पुढे येते आणि आतली ७.७ मिमी आत जाते. दुकानात उभ्या असलेल्या गाडीवर हे सुंदर दिसते, आणि ४० मिमी खाली बसवल्यावर त्याच १७.७ मिलिमीटरची किंमत कळते. अशा वेळी पत्रा वाकवण्यापेक्षा योग्य ऑफसेटची रिम घेणे शहाणपणाचे, असे आम्ही स्पष्ट सांगतो. रिम विकत घेऊन झालेली असते, म्हणून ते कुणाला आवडत नाही.

टायरच्या मापाचेही तसेच आहे. चाकणला तयार झालेल्या फोक्सवॅगन पोलो आमच्याकडे पुष्कळ येतात. त्यांच्या १८५/६० आर १५ या मापाचा (रुंदी १८५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १५ इंची) व्यास ६०३ मिमी भरतो. तिथे १७ इंची रिमवर २०५/४५ चढवले तर व्यास सुमारे ६१६ मिमी होतो, म्हणजे टायर वरच्या बाजूला साडेसहा मिमी उंच आणि २० मिमी रुंद होतो. शिवाय एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर रुंदीला आणि खांद्याच्या आकाराला सारखे नसतात. एकाचा खांदा गोल असतो, दुसऱ्याचा चौकोनी. गोल खांद्याच्या टायरने सुटलेल्या काही गाड्यांना आम्ही अन्य कशालाही हात लावलेला नाही.

नव्या रिमचे मधले भोक बहुधा ७३.१ मिमीचे असते आणि पोलोचा हब ५७.१ मिमीचा. मधल्या फटीत कडे बसवले नाही तर चाक मध्यावर बसत नाही आणि गाडी थरथरते. ही ॲल्युमिनियमची कडी आम्ही शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवर करून घेतो. तिथल्या टर्नरला माप सांगितले की तो "कितीचा फिट?" म्हणजे किती घट्ट बसवायचे, एवढेच विचारतो, आणि दुसऱ्या दिवशी कडे हातात देतो. आमचा मडगार्डची कड वळवायचा रोलरही तिथलाच आहे. हबला बोल्टने आवळायची तबकडी, तिच्यातून निघालेला दांडा आणि टोकाला नायलॉनची फिरकी, असा तो साधा सांगाडा आहे. तीन वेळा बदलून तो आताच्या रूपाला आला.

कड वळवण्याच्या कामात घाई चालत नाही. हीटगनने पत्रा हात ठेववत नाही इतका तापवायचा, म्हणजे रंग लवचीक होतो. मग फिरकी हलक्या दाबाने कमानीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची, परत तापवायचे, कोन किंचित वाढवायचा. एका चाकाला तास सहज जातो. मागच्या कमानीत बाहेरचा आणि आतला असे दोन पत्रे स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात आणि मधे सीलंट असते. वळवताना ते सीलंट तडकते, ही गोष्ट आम्ही पहिल्या काही गाड्यांवर विसरलो. कोल्हापूरच्या एका पावसाळ्यानंतर एका पांढऱ्या गाडीच्या कमानीतून तांबूस ओघळ उतरलेले पाहिले आणि दोन्ही बाजू स्वखर्चाने रंगवून दिल्या. आता कड वळवली की आधी गंजरोधक प्रायमर, मग सीलंट, आणि दुसऱ्या दिवशी गाडी मालकाच्या हातात, असा नियमच आहे.

चाकाचा वरचा भाग आत झुकवून, म्हणजे कॅम्बर वाढवून, फट मिळवता येते. पुढच्या स्ट्रटला, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बरच्या जोडखांबाला, विशेष बोल्ट घालून एखादा अंश आम्ही देतो, त्याहून अधिक मागितले तर नकार देतो, कारण टायर आतल्या कडेने झिजते आणि ती झीज बाहेरून दिसत नाही. उलट मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा आडवा बीम असेल तर तिथे कॅम्बर सहजी बदलत नाही, त्यामुळे मागे सारा खेळ ऑफसेटचा, टायरचा आणि बंपस्टॉपचा उरतो. थोडा उंच बंपस्टॉप घालून चाकाचा शेवटचा प्रवास रोखला की भरलेल्या गाडीचे घासणे थांबते. गाडी थोडी कडक चालते, पण टायर शाबूत राहतो.

रस्त्यांविषयी तक्रार न केलेली बरी, तरी एक गोष्ट सांगतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असायला हवा. आमच्या भागातले काही गतिरोधक उंचीला त्याहून जास्त आणि रुंदीला हातभर आहेत. म्हणून ३५ ते ४० मिमीपेक्षा अधिक खाली बसवण्याचे काम आम्ही घेत नाही.

कायद्याचा प्रश्नही गिऱ्हाइके विचारतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाहनातील फेरबदलांबाबत आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ कडक लावला आहे. तो आम्ही गिऱ्हाइकाला आधी वाचून दाखवतो. त्यानंतर काही जण मूळ मापावर परत येतात, आणि मोठी चाके काढून जुनी बसवण्याचे कामही आता आमच्याकडे बऱ्यापैकी असते.

नव्या स्प्रिंग काही दिवसांत थोड्या बसतात आणि उंचीबरोबर टो, म्हणजे चाकांची तोंडे आत-बाहेर वळण्याचा कोन, बदलतो, म्हणून पंधरा दिवसांनी गाडी पुन्हा आणायला सांगतो आणि त्या वेळचे अलाइनमेंट पहिल्याच बिलात धरतो. दुसऱ्या फेरीला येताना मागच्या सीटवर बसायला घरची दोन वजनदार माणसे सोबत आणावीत, अशी आमची विनंती असते. ती मिळाली नाहीत तर वाळूची पोती शेडमध्ये आहेतच.