तुम्ही विचारलंत म्हणून: विम्बल्डन जिंकूनही अल्थिया गिब्सन कफल्लक का राहिली?

अमेरिकन टेनिसपटू अल्थिया गिब्सनचं नाव निघालं की हा प्रश्न येतोच. विम्बल्डन दोनदा, अमेरिकन अजिंक्यपद दोनदा, फ्रेंच एकदा. दुहेरी आणि मिश्र दुहेरी धरून 11 ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या सर्वांत मोठ्या चार स्पर्धांतली विजेतेपदं. आणि म्हातारपणी औषधपाण्यालाही पैसे नाहीत? उधळले असतील, असं पुष्कळांना वाटतं. उधळण्याइतके ते मिळालेच नव्हते.

1968 पूर्वी मोठ्या स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंच्या. विजेत्याला करंडक मिळे, बक्षिसाची रक्कम नाही. प्रवास आणि राहण्या-जेवणाचा खर्च तेवढा घेता येई. खेळण्याचे पैसे घेतले की खेळाडू व्यावसायिक ठरे आणि विम्बल्डनचं दार बंद होई. घरचं बरं असलेल्यांना हा हौशीपणा परवडे. अल्थियाचा जन्म 1927चा, साउथ कॅरोलायनात वाट्याने कापूस पिकवणाऱ्या घरातला. वाढली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये. तिथल्या रस्त्यावर लाकडी बॅटीने पॅडल टेनिस खेळता खेळता ती टेनिसकडे वळली आणि तिच्या क्लबच्या फीसाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वर्गणी काढली.

पैशांची गोष्ट नंतरची, आधी आत शिरणंच मुश्कील होतं. कृष्णवर्णीयांना मनाई असा नियम कागदावर दाखवता आला नसता. अडवणूक व्हायची ती अशी: न्यूयॉर्कमधल्या फॉरेस्ट हिल्सच्या राष्ट्रीय स्पर्धेत (हेच अमेरिकन अजिंक्यपद) प्रवेश हवा तर आधी हिरवळीवरच्या मोठ्या स्पर्धांत चमकून दाखवा. त्या स्पर्धा भरायच्या खासगी क्लबांत, निमंत्रणावर. आणि क्लब कृष्णवर्णीयांना निमंत्रण देत नसत. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या संघटनेची राष्ट्रीय स्पर्धा अल्थिया 1947 पासून दरवर्षी जिंकत होती, पण निवड समितीच्या लेखी ती कामगिरीच नव्हती. 1950 मध्ये राष्ट्रीय इनडोअर स्पर्धेची अंतिम फेरी गाठूनही हिरवळीचं निमंत्रण येईना. तेव्हा माजी विजेती अ‍ॅलिस मार्बल हिने टेनिसच्या मासिकात या दुटप्पीपणावर जाहीर लेख लिहून अमेरिकेच्या मुख्य टेनिस संघटनेला लाजवलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अल्थिया फॉरेस्ट हिल्सला उतरली.

दुसऱ्या फेरीत समोर लुईझ ब्रो, विम्बल्डनची ताजी विजेती. पहिला सेट अल्थियाने 1-6 असा गमावला, दुसरा 6-3 घेतला आणि तिसऱ्यात 7-6 अशी पुढे गेली. आणखी एक गेम घेतला की सामना तिचा. तेवढ्यात वादळ आलं, स्टेडियमच्या माथ्यावरचा दगडी गरुड वीज पडून खाली कोसळला आणि सामना थांबला. रात्रभर त्या एका गेमचा विचार करत बसावं लागलं, तिथेच तिची लय गेली असं मला वाटतं. दुसऱ्या दिवशी ब्रोने ओळीने तीन गेम घेऊन सेट 9-7 असा जिंकला.

पुढची काही वर्षं रखडलीच. सर्व्हिस जबरदस्त, पण भरवशाची नाही. पोटासाठी मिसुरीतल्या एका विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवत होती आणि टेनिस सोडून सैन्यात जायचा विचार चालला होता. 1955च्या अखेरीस अमेरिकन परराष्ट्र खात्याने तिला आशियाच्या सदिच्छा दौऱ्यावर पाठवलं. सलग इतके सामने तिला आधी कधी मिळाले नव्हते. याच दौऱ्यात, भारतात, तिची गाठ इंग्लंडच्या अँजेला बक्स्टनशी पडली. ज्यू असल्यामुळे बक्स्टनलाही क्लबांचे दरवाजे बंद असण्याचा अनुभव होता. दोघींनी 1956 मध्ये फ्रेंच आणि विम्बल्डनची दुहेरी जिंकली. फ्रेंच एकेरीही अल्थियाने घेतली. ग्रँड स्लॅम जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय खेळाडू. 1957 मध्ये विम्बल्डनला डार्लिन हार्डला 6-3, 6-2 हरवल्यावर राणी एलिझाबेथने तिला करंडक दिला आणि न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवरून मिरवणूक निघाली. 1958 मध्ये विम्बल्डन आणि फॉरेस्ट हिल्स पुन्हा जिंकून ती हौशी टेनिसमधून बाहेर पडली. मुकुट काही खाता येत नाही, असं तिने स्वतःच लिहून ठेवलंय.

बाहेर तरी काय होतं? महिलांसाठी व्यावसायिक स्पर्धांची मालिकाच नव्हती. हार्लेम ग्लोबट्रॉटर्सच्या बास्केटबॉल सामन्याआधी ती प्रदर्शनीय टेनिस खेळली, गाण्याची रेकॉर्ड काढली, सिनेमात छोटं काम केलं. 1964 मध्ये व्यावसायिक महिला गोल्फमध्ये उतरणारी पहिली कृष्णवर्णीय ठरली. तिथेही काही क्लब कपडे बदलायला आत येऊ देत नसत. 1968 मध्ये विम्बल्डन व्यावसायिकांना खुलं झालं तेव्हा महिला विजेतीला 750 पौंड मिळाले, पुरुषाला 2,000. अल्थिया तोवर चाळिशीत पोचली होती.

नव्वदच्या दशकात पक्षाघाताच्या झटक्यानंतर घरभाडं आणि औषधं दोन्ही झेपेनात, तेव्हा तिने फोन केला तो बक्स्टनला. बक्स्टनने तिच्या परिस्थितीबद्दल एका टेनिस नियतकालिकात पत्र छापून आणलं आणि देशोदेशींच्या टेनिसप्रेमींकडून जवळपास 10 लाख डॉलर जमा झाले. अल्थिया 2003 पर्यंत जगली, ती या पैशांच्या आधारावर.