सहा बाय सहा

“शेवटचीच ओळ वाचून दाखवू का, ताई?” ट्रायल फ्रेम, म्हणजे नंबर काढायची चष्म्याची चौकट, नाकावर बसते न बसते तोच मामांनी विचारलं. उजव्या डोळ्याने शेवटची ओळ वाचली, एकही अक्षर चुकलं नाही. डाव्यानेही तसंच. मी कागदावर ६/६, ६/६ लिहिलं, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी तक्ता पूर्ण.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी डोळ्यांच्या दवाखान्यात मी चौदा वर्षं ऑप्थॅल्मिक असिस्टंट आहे. डॉक्टरांसमोर बसेपर्यंत पेशंटचं निम्मं काम आमच्या हातून झालेलं असतं. नजर तपासायची, नंबर काढायचा, डोळ्यातलं प्रेशर बघायचं, ड्रॉप टाकून बाहुली मोठी करायची. आमची खोली तीन मीटरची आहे, म्हणून तक्ता पेशंटच्या डोक्यामागे लावलाय आणि समोर आरसा. जाऊन-येऊन सहा मीटर होतात.

मामा बावन्न वर्षांचे. तासगाव भागातली द्राक्षं रात्रीतून वाशीच्या मार्केटला पोचवणारी गाडी चालवतात. चाळिशीचा नंबर वाढलाय म्हणून आले होते आणि लायसन्सच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांची सही हवी होती. काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठीवर ‘फक्त नंबर’ असं लिहून पाठवलं होतं. ‘फक्त नंबर’ म्हणजे प्रेशर नाही, डॉक्टर नाहीत, सरळ चष्म्याच्या काउंटरवर. गर्दी हटवायला पडलेली ही सवय मला कधीच पटलेली नाही, पण साठ पेशंट बाहेर बसलेले असताना मीही ती चालवून घेत आले.

जवळचं वाचायला कार्ड द्यायचं म्हणून मी ते डाव्या बाजूने पुढे केलं. “धरा, मामा.” मामा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. कार्ड त्यांच्या खांद्याच्या थोडं पुढे, हवेत तसंच. मला वाटलं ऐकू कमी येतं. पुन्हा म्हटलं. त्यांनी मान वळवली तेव्हा कुठे कार्ड दिसलं आणि चटकन घेतलं. सगळ्यात बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली.

मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर हातभर अंतरावर बसले. त्यांचा एक डोळा त्यांच्याच तळव्याने झाकायला लावला, समोरचा माझा एक डोळा मिटला आणि दोघांच्या मधोमध बोटं हलवत बाहेरून आत आणू लागले. चांगला डोळा नाकाकडे साठ अंश आणि कानाकडे नव्वदच्याही पुढे बघतो. माझ्या डोळ्याला माझी बोटं केव्हाच दिसली होती. मामांचं “आता दिसली” आलं तेव्हा माझा हात जवळजवळ माझ्या नाकासमोर होता.

एनसीटीवर, म्हणजे हवेची फुंकर मारून प्रेशर मोजणाऱ्या मशीनवर, ३२ आणि २९ आलं. हवेच्या फुंकरीला दचकून डोळा आवळला तरी आकडा चढतो, म्हणून अॅप्लनेशन केलं. सुन्न करणारा थेंब टाकायचा, फ्लुरेसिन रंगाची पट्टी लावायची, निळ्या उजेडात दोन हिरव्या अर्धगोलांच्या आतल्या कडा एकमेकींना टेकेपर्यंत चकती फिरवायची. या कामात माझा हात बसलेला आहे, डॉक्टरही माझा आकडा पुन्हा घेत नाहीत. ३४ आणि ३०. साधारण २१ पर्यंत ठीक म्हणतात. डॉक्टरांनी लेन्स धरून मागची नस बघितली आणि हळू आवाजात एवढंच म्हणाले, “कप पॉइंट नाइन. फील्ड काढा.” कप म्हणजे नसेच्या तोंडावरचा खळगा; तो जवळजवळ कडेपर्यंत पसरला होता.

काचबिंदू. मोतीबिंदूसारखी नजर धूसर होत नाही, दुखत नाही, डोळा लाल होत नाही. बहुतेकांत नस कडेकडेने मरत येते आणि मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहते. आपला तक्ता नेमकी तेवढी मधलीच नजर मोजतो.

फील्ड टेस्ट, म्हणजे आजूबाजूचं किती दिसतं ते मोजणं, हे दवाखान्यातलं सगळ्यात किचकट काम आहे आणि सगळ्यात दुर्लक्षितही. अंधारी खोली, पांढरं मोठं वाडगं, हनुवटी टेकवायची, मधल्या पिवळ्या दिव्यावरून नजर हलवायची नाही. आजूबाजूला कुठेही बारीकसा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. ठिपका सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढाच दिसतो. ही परीक्षा आहे असं समजून लोक ठिपके शोधत सुटतात. कुणी आवाजाच्या तालावर बटण दाबत राहतं, कुणाला झोप लागते. मग रिपोर्ट कचरा. पेशंटला बसवून फोन बघत बाहेर थांबणारे कितीतरी जण मी पाहिले आहेत. मी उठत नाही. “शोधू नका, येऊ दे तो. मध्येच बघा. छान चाललंय. पापणी मिटा, आता उघडा.” हे सगळं सतत बोलत राहावं लागतं.

मामांनी सुरुवातीला चार-पाच वेळा बटण दाबलं. मग थांबले. माझ्या स्क्रीनवर मशीन कुठे ठिपका टाकतंय ते मला दिसत होतं. डावीकडे वर, खाली नाकाकडे, उजवीकडे, पुन्हा खाली. उजेड वाढवून वाढवून टाकत होतं. मामांचा अंगठा बटणावर तयार होता, नजर मध्यावर पक्की होती आणि बटण वाजत नव्हतं. मला छान चाललंय म्हणवेना. मी नुसतं “मध्ये बघा” म्हणत राहिले.

बाहेर येताच त्यांनी विचारलं, “मशीन मधनंच बंद पडत होतं का, ताई?”

छापून आलेल्या कागदावर दोन काळे गोल होते. उजव्यात मधोमध पांढरा ठिपका, डाव्यात त्याहून लहान. डॉक्टरांनी तो समोर ठेवला तेव्हा मामा म्हणाले, “पण मला काळं कुठं दिसतंय?” बरोबर आहे त्यांचं. नस मेली तिथे काळोख दिसत नाही. तिथे काही नाही हेच कळत नाही, मेंदू आजूबाजूच्यावरून ती जागा भरून काढतो.

मामी तोवर भिंतीला टेकून गप्प उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “ताटाच्या डाव्या अंगाला तांब्या ठिवला की लवंडतोयच. म्या आता उजवीकडंच ठिवते.” वर्षभर त्या तसं करत होत्या. आणि गाडीत डावीकडे क्लीनर बसायचा. खंबाटकीच्या घाटात एकदा मोटरसायकल डावीकडून घुसली तेव्हा तोच ओरडला होता. “म्हणून तर क्लीनर ठेवतात,” मामा म्हणाले. घरात बायको आणि गाडीत क्लीनर, दोघं त्यांचा डोळा होऊन वागत होते, आणि तिघांपैकी कुणालाही ते कळलं नव्हतं.

मग त्यांनी लायसन्सचा फॉर्म पुढे केला. त्यात २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का, असा प्रश्न आहे. येते. लाल-हिरवा ओळखता येतो का? येतो. डॉक्टर सही करणार नाही म्हणाले तसे मामा माझ्याकडे वळले. “ताई, तुम्हीच आत्ता सहा बाय सहा लिहिलं ना? खोटं तर लिहा म्हणत नाही मी.” दृष्टीचं क्षेत्र १० अंशांहून कमी उरलं, तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा त्या माणसाला अंध धरतो, तक्त्यावर तो काहीही वाचो. मामा त्या उंबऱ्यावर आहेत. हे मी त्यांना कसं सांगितलं ते मला नीट आठवत नाही. मामी रडल्या. मामांनी गाडीचे किती हप्ते राहिलेत ते सांगितलं.

निघताना चष्म्याचा जुना कागद लागेल का म्हणून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक पिवळं पडलेलं कार्ड काढलं. फेब्रुवारी २०१९, रस्ता सुरक्षा सप्ताहातलं वाहनचालकांचं शिबिर. ६/६, ६/६. जवळचा नंबर दीड. प्रेशरच्या रकान्यात आडवी रेघ. अक्षर माझं होतं. दुसऱ्या सहाची शेपटी मी लांब ओढते, तशीच ओढलेली.

त्या शिबिरात मंडप होता, हार होते, फोटोवाले होते, पण खाट नव्हती. शिऑट्झने, म्हणजे डोळ्यावर टेकवायच्या छोट्या उपकरणाने, प्रेशर बघायचं तर माणूस आडवा झोपवावा लागतो. माझ्या बॅगेत शिऑट्झ होतं, ते मी बाहेरच काढलं नाही. आयोजकांना संध्याकाळी किती चष्मे वाटले तो आकडा हवा होता आणि मी तो दिला. चाळिशीनंतर प्रेशर आणि नस बघितल्याशिवाय माणसाला डोळे चांगले आहेत असं सांगू नये, हे मला तेव्हाही माहीत होतं. “तेव्हा कदाचित नॉर्मल असेल,” डॉक्टर म्हणाले. असेलही. पण रेघ मी मारली. आकडा असता तर तो काय होता हे आज कळलं असतं.

गेलेली नजर परत येत नाही, आहे ती राखायची. मामांना मी स्वतः थेंब टाकायला शिकवलं: खालची पापणी ओढून खळगा करायचा, एकच थेंब, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा, दुसऱ्या औषधाआधी पाच मिनिटं थांबायचं. दम्याचं विचारलं, कारण थेंबातलं टिमोलॉल दमेकऱ्याला चालत नाही. तीन आठवड्यांनी प्रेशर १६ आणि १५ आलं. गाडी आता पुतण्या चालवतो, मामा वखारीत मापं लिहितात. माझ्याशी ते नीट बोलले. ते कार्ड माझ्याच हातचं आहे हे मी त्यांना सांगितलं तेव्हाही “असू द्या” म्हणाले. ते मला जास्त लागलं.

‘फक्त नंबर’ची चिठ्ठी चाळिशीच्या पुढच्यांसाठी आता बंद केली आहे. त्यावरून काउंटरवर रोज कुरकुर चालते, मी ऐकत नाही. त्या शिबिराच्या कार्डांच्या कार्बन प्रती माळ्यावर होत्या. दुपारी जेवण झालं की मी एकेक नंबर फिरवते. निम्मे बंद आहेत. काही जण फी किती विचारून फोन ठेवतात.

काचबिंदू भावंडांतही असू शकतो, म्हणून मामांच्या धाकट्या भावालाही फोन केला. तोही गाडीवर आहे. हंगाम चालू आहे, सवड नाही म्हणाला. “माझे डोळे एकदम क्लिअर आहेत, ताई. पुढच्या गाडीची प्लेट लांबनं वाचतो मी.”

चौथ्या फोनला गुरुवारी येतो म्हणालाय.