बाराशे ओहमचा रेझिस्टर

लोड भरला की माझा ट्रक चढणीला ओढेना. सपाटीवर कसलीच कुरबुर नाही, पण चढ लागला की एक-एक गिअर खाली टाकावा लागे. वर्षभर हे सहन केलं आणि मग सेन्सरला रेझिस्टर जोडून ताकद वाढवायचं ठरवलं. ऐकलेले मार्ग दोन होते. पहिला म्हणजे कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या पाइपाच्या, दाबाच्या सेन्सरचा सिग्नल खाली ओढायचा. ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, दाब कमी वाटतो आणि तो खरा दाब वाढवत जातो. पण त्या पाइपात दीड हजार बारच्या वर दाब असतो, त्याच्याशी खेळायची माझी हिंमत नव्हती. दुसरा मार्ग इंजिनात जाणाऱ्या हवेच्या तापमानाच्या सेन्सरचा. तो मला निरुपद्रवी वाटला.

हा सेन्सर तापला की त्याचा रोध कमी होतो. मी तो काढला आणि मल्टिमीटर लावला. 22 अंशांना 2,300 ओहम. गरम हवेचा झोत देऊन 80 अंशांपर्यंत नेला तेव्हा जेमतेम 320. वायरीत 1,200 ओहमचा रेझिस्टर मालिकेत घातला की ईसीयूला हवा आहे त्यापेक्षा थंड वाटणार. थंड हवा दाट असते, म्हणून तो डिझेल जास्त सोडणार. मूळ वायरिंग कापायचं नव्हतं, म्हणून तसाच कपलर आणून मध्ये बसणारी वीतभर वायर बनवली, सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली. स्कॅनरवर बिघाडाचा एकही कोड आला नाही. त्या संध्याकाळी मी फार खूश होतो.

त्याच वेळी टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) आधी एक्झॉस्टमध्ये पायरोमीटर, म्हणजे तिथलं तापमान दाखवणारा मीटर, बसवून घेतला होता. या सगळ्या उद्योगात माझा सर्वांत शहाणपणाचा खर्च तोच. नेहमीच्या चढणीवर, नेहमीच्या लोडला, रेझिस्टर नसताना काटा 620 अंशांवर थांबायचा. रेझिस्टर घालून गेलो. गाडी खरंच जोरात निघाली, पहिला अर्धा किलोमीटर हातातलं स्टीअरिंगसुद्धा वेगळं वाटलं. मग आरशात काळा धूर दिसला. काटा 680, 710, 740, आणि अजून चढतच होता. मी पाय काढला.

रात्री कागद घेऊन बसलो तेव्हा काय घडलं ते कळलं. माझ्या इंजिनात हवेचं वजन मोजणारा सेन्सर नाही. दाब आणि तापमान यांवरून ईसीयू हवेचा हिशेब करतो. गार सकाळी, 10 अंशांना, माझ्या रेझिस्टरमुळे फरक पडतो जेमतेम सहा अंशांचा. पण चढणीवर इंटरकूलरमधून, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीतून, हवा 80 अंशांनी येते तेव्हा 320 मध्ये 1,200 मिळवले की ईसीयूला ती 33 अंशांची वाटते. म्हणजे थापही सर्वांत मोठी कधी, तर इंजिनाला खरी माहिती सर्वांत जास्त हवी असते तेव्हा! केल्विनमध्ये भागाकार केला, 353 भागिले 306. नसलेली पंधरा टक्के हवा ईसीयूने गृहीत धरली होती आणि त्या हवेसाठी डिझेल सोडलं होतं. ते पूर्ण जळणार कसं? पिस्टन ॲल्युमिनियमचा, आणि शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. त्याला खालून तेलाचा फवारा मिळतो म्हणून तो तगतो, पण किती वेळ, याची परीक्षा मला माझ्या इंजिनावर घ्यायची नव्हती. शिवाय मागून येणाऱ्याच्या नाकातोंडात तो धूर जात होता, हे मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी वायर काढून टाकली. मग मूळ प्रश्नाकडे वळलो, जे आधी करायला हवं होतं: हवा खरंच कमी पडतेय का? स्कॅनरवर पूर्ण लोडला बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, 1.1 बारच्या वर जात नव्हता, ईसीयू मात्र 1.5 मागत होता. टर्बोच्या हवेच्या तोंडाला झाकण बसवून कॉम्प्रेसरने जपून एक बार हवा भरली आणि सगळ्या होजवर साबणाचं पाणी मारलं. इंटरकूलरच्या गरम बाजूच्या होजखाली, क्लॅम्पच्या अगदी काठाला, फेस फुगायला लागला. बोटाने चाचपलं तर दोन इंचांची चीर. वरून काहीच दिसत नव्हतं, तेलाचा ओशट डाग तेवढा होता. तो डाग मी महिनोन्‌महिने पुसत आलो होतो.

नवा होज, दोन नवे क्लॅम्प, आणि हात लावलाच होता म्हणून डिझेल फिल्टरही बदलला. पुन्हा तीच चढण, तेवढाच लोड. बूस्ट 1.5 बार, धूर नाही, पायरोमीटर 590. आणि जिथे नेहमी तिसरा टाकावा लागायचा, त्या वळणावरून गाडी चौथ्यातच वर निघाली.