पिनेवरचे दोन ठिपके

जुलैचा दुसरा आठवडा. कुडाळच्या एमआयडीसीत आमच्या शेडमध्ये सकाळी साडेआठलाही दिवे लावलेले. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी ओरडावं लागे. त्या गदारोळात मी टेबलावर वाकून, थर नीट धरलाय का ते बघायला, पाण्यातून काढलेल्या एका पिनेवर चिकटवलेली टेप खस्सकन ओढली, आणि टेपबरोबर काळा थर उठून आला.

टेप उलटी करून पाहिली. थराची पोटाकडची बाजू समोर आली. तपकिरी. दुसरी पिन, तिसरी पिन. वीसपैकी अकरा गेल्या.

आमचा धंदा सांगितला की लोकांना आधी पटत नाही. विमानाच्या दाराच्या, झडपांच्या बिजागरीत ज्या पोलादी पिना असतात, त्यांवर आम्ही कोरडं वंगण चढवतो. तेल नाही, ग्रीस नाही. अकरा किलोमीटर उंचीवर हवा उणे 56 अंशांपर्यंत थंड असते, तिथे साधं ग्रीस आखडतं. शिवाय धूळ धरून ठेवतं ते वेगळंच. म्हणून मॉलिब्डेनम डायसल्फाइड, ज्याला शेडमध्ये सगळे नुसतं 'मोली' म्हणतात. ही काळी पूड म्हणजे विड्याच्या ओल्या पानांची कवळी समजा. वरून दाबलं तर दाब सोसते, बाजूने ढकललं तर पान पानावरून सरकतं. ती राळेत कालवून फवारायची आणि 150 अंशांवर दोन तास भाजायची. थर जेमतेम दहा मायक्रॉनचा, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. एवढ्याशा काळोखीवर सगळी बिजागरी फिरते.

आमचा जुना माल एमईके आणि टोल्युइन या उग्र वासाच्या द्रावकांत कालवलेला होता, आणि थर जास्त टिकावा म्हणून त्यात शिशाची संयुगं असत. काम उत्तम करायचा, हे कबूल केलंच पाहिजे. पण संध्याकाळी फवारणीच्या बूथमधून बाहेर आलं की डोकं गरगरायचं आणि वास रात्री जेवणाच्या ताटापर्यंत यायचा. बूथचं पाणी पिंपात भरून तळोज्याच्या घातक कचरा केंद्राकडे पाठवावं लागे. शेडमागे व्हाळ, म्हणजे ओढा, आहे. पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला आजूबाजूची पोरं तिथेच येतात. पिंपं हलवताना माझा एक डोळा कायम त्या व्हाळावर असायचा. त्यामुळे पुण्याच्या ग्राहकाने बिनशिशाचं, पाण्यात कालवलेलं मोली वापरायला सांगितलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला. (टेफ्लॉनचं का नाही, असं एकाने विचारलं होतं. एक तर ते मऊ, एवढ्या दाबाखाली पसरतं. आणि 2023 मध्ये युरोपातल्या पाच देशांनी त्याच्या सगळ्या रासायनिक गोतावळ्यावरच बंधनं सुचवली आहेत. आगीतून फुफाट्यात कशाला?)

मार्च ते मे एकही लॉट परत आला नाही. आणि आता हे.

स्प्रेवाल्याने लगेच निकाल दिला, "लोखंडाक पाण्याचो रंग लावतत काय कोण?" माल पुरवणाऱ्याने फोनवर सांगितलं की तुमच्या कॉम्प्रेसरमध्ये पाणी असणार. कॉम्प्रेसरचा ड्रायर उघडला, तो ठीक होता. ओव्हनचा चार्ट ठीक होता. पिनांवर आधी फॉस्फेटचा करडा थर चढवतो, त्या टाकीचं आम्ल तपासलं, तेही ठीक. दुपारपर्यंत मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मनात पुरवणाऱ्याला शिव्या घातल्या. पर्यावरणाला पूरक म्हणजे विमानाला मारक, असं वाक्यही ईमेलमध्ये लिहून ठेवलं होतं. पाठवलं नाही हे नशीब.

जेवणाच्या सुट्टीत उरलेल्या नऊ पिनांना परत पाण्यात टाकावं म्हणून ट्रे घेऊन निघालो, तर रॅकिंगवरच्या मावशी डबा खात बसल्या होत्या. पिना फॉस्फेटमधून आल्या की एकेक उचलून जिगवर, म्हणजे टांगायच्या चौकटीवर, अडकवायचं काम त्यांचं. मला त्या साहेब म्हणतात, चिडल्या किंवा काळजीत असल्या की झिला, म्हणजे पोरा. त्यांनी एक गेलेली पिन उचलली, दाराच्या उजेडात धरली.

"झिला, पावसात मीठ पाझरता मां, तसा दिसता ह्या."

थर निघून गेलेल्या जागी बारीक ओलसर तपकिरी पुटकुळ्या होत्या. खरंच, बरणीतलं मीठ जूनमध्ये जसं चिकट होऊन कडेला घामेजतं, तसं. आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून आपलं आपणच विरघळायला लागतं. भिंतीवरचा काटा त्या दिवशी 91 वर होता. पण मीठ आलं कुठून? समुद्र आमच्यापासून काही हाकेच्या अंतरावर नाही.

अकराही पिना मी एका रेषेत मांडल्या. हे सकाळीच करायला हवं होतं. प्रत्येक पिनेवर डाग एकाच उंचीवर, आणि एक डाग पुढे तर दुसरा बरोबर त्याच्या पाठीमागे. पुढचा मोठा, लांबट. मागचा लहान. मी पिन न बघताच चिमटीत उचलली. माझा अंगठा मोठ्या डागावर बसला, तर्जनी लहानावर.

मावशींचे हातमोजे ओव्हनच्या दाराला टांगलेले होते, सुती, पांढरे. ते वाळत होते. पावसात कपडे वाळत नाहीत, तसे मोजेही वाळत नाहीत, म्हणून घामाने भिजले की ओव्हनवर टाकायचे आणि परत घालायचे. पाणी उडून जातं, मीठ राहतं. उद्या परत घाम, परत वाळवण. एकेक मोजा म्हणजे छोटं मिठागरच.

एक मोजा डिस्टिल्ड वॉटरमध्ये पिळला, परीक्षानळीत ते पाणी घेतलं आणि मीठ दाखवणाऱ्या सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. नळीतलं पाणी क्षणात पांढरं फटक झालं, पातळ ताकासारखं. पाकिटातल्या नव्या मोज्याचं पाणी जवळपास नितळ राहिलं.

सगळे नळीकडे बघत उभे. मावशी सगळ्यात मागे.

"म्हंजे माज्या हातात मीठ आसा?"

"सगळ्यांच्याच असतं, मावशी."

"म्हणानच माजी आमटी बरी जाता," त्या म्हणाल्या. पोरं हसली. मला हसू येईना. कारण आठवड्याला एका माणसामागे मोज्यांचा एकच जोड द्यावा, ही चिठ्ठी दोन वर्षांपूर्वी काढली होती मी. खर्च कमी करा असा निरोप आला होता, आणि मोजे मला सोपे वाटले. स्टोअरच्या फळ्यावर ती अजून होती, माझ्या सहीसकट.

नव्या मालाचा दोष काय, तर त्यात पाणी आहे. फॉस्फेटचा थर सच्छिद्र, तो घाम पिऊन बसलेला. वरून पाण्याचा फवारा आला की ते मीठ तिथल्या तिथे विरघळतं, आणि भट्टीत जाईपर्यंत पोलादावर गंज धरतो. जुन्या मालात पाणीच नव्हतं, त्यामुळे मीठ कोरडंच्या कोरडं थराखाली गाडलं जायचं. चाचणीत पकडलं जायचं नाही. म्हणजे मीठ तेव्हाही होतं.

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात आलं तेव्हा साडेतीन वाजले होते.

नवीन पोरगा कामाला लागला की मी त्याला गॅलिलिओ यानाची गोष्ट सांगतो. 1989 मध्ये ते गुरूकडे निघालं. 1991 च्या एप्रिलमध्ये त्याचा छत्रीसारखा मोठा अँटेना उघडायला गेले, तर तो अर्धवट उघडून अडकला. छत्रीच्या काड्या धरणाऱ्या पिनांवरचं कोरडं वंगण झिजलं होतं, असं तपासात ठरलं. झिजलं ते अवकाशात नव्हे, उड्डाणाच्या आधी, कॅलिफोर्निया ते फ्लोरिडा ट्रकच्या खेपांमध्ये. ही गोष्ट मी नेहमी दुसऱ्यांच्या चुकीची म्हणून सांगायचो.

नियमाप्रमाणे प्रत्येक लॉटच्या पाच पिना आम्ही कपाटात ठेवतो. त्या काढल्या. पुड्या लाल कागदाच्या, वर तारीख. चिठ्ठीच्या आधीच्या पावसाळ्यातल्या पाचही पिना टेप लावल्यावर जशाच्या तशा. मग गेल्या वर्षीचा ऑगस्ट, जुना माल, शिसं घातलेला, सगळ्या चाचण्या पास झालेला. त्या पिना वर्षभर आमच्या दमट कपाटात पडून होत्या. पहिली ठीक. दुसरी ठीक. तिसरीवर भिंगाखाली थर किंचित फुगलेला, टोचल्यावर टवका निघाला. खाली अंगठा. चौथी ठीक. पाचवीवर अंगठा आणि तर्जनी दोन्ही.

स्टोअरमध्ये जाऊन चिठ्ठी फाडली. नायट्राइलच्या मोज्यांची दोन खोकी कणकवलीहून मागवली, रॅकिंगआधी डिस्टिल्ड पाण्याने धुवून गरम हवेने सुकवायचं ठरवलं. मावशींनी ते निळे मोजे चढवून बघितले आणि आत हात शिजतो म्हणून तक्रार केली, ती रास्त होती. दर तासाला बदला, म्हटलं. किती लागतील ते लागू देत.

मालकांचं म्हणणं होतं की आत्ताचा लॉट नव्याने करू, बाकीचं उगाच कशाला उकरायचं. वाद फार झाला नाही. त्या पुड्या मी त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि भिंग दिलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि फोन माझ्याकडे सरकवला.

पुण्याला क्वालिटीच्या मॅडमनी उचलला. आधी आजच्या रिजेक्टचं सांगितलं, त्या हं हं करत होत्या. मग गेल्या ऑगस्टचं सांगितलं. पलीकडे काही क्षण काहीच नाही, इकडे पत्र्यावर पाऊस.

"मोठ्याने बोला, ऐकू येत नाहीये," त्या म्हणाल्या. "लॉट नंबर सांगा."

मी रजिस्टर उघडलं, गेल्या वर्षीच्या जूनपासून सुरुवात केली आणि ओरडून एकेक नंबर वाचायला लागलो.