घरगाडी, सौर वीज आणि पाऊस : नाशिक–वैतरणा–भंडारदरा

नाशिकचं घर भाड्याने देऊन कायमचं गाडीत राहायला जायचं आमचं ठरलंय. आम्ही दोघं, दोन मुलं आणि माझे सासरे. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, आतून घर बांधून घेतलं, टपावर सौर पॅनेल बसवले. सामान हलवण्याआधी गाडीची परीक्षा घ्यायची होती आणि ती भाद्रपदात, पावसातच घ्यायची हे पक्कं होतं. एप्रिलच्या उन्हात कुठलेही पॅनेल छान चालतात. गंगापूर धरण, त्र्यंबक, वैतरणा, घोटी, भंडारदरा आणि महामार्गाने परत, असा मार्ग धरला.

आधी हिशेबाचं सांगते, कारण सौरवाल्याच्या दुकानात जाण्यापूर्वी तो घरी झालेला असावा. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला साधारण अर्धा युनिट घेतो. घरातला साधा पंखा ७५ वॅट खातो, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. असे दोन रात्रभर चालले की आणखी अर्धा युनिट. दिवे, मोबाइल, पाण्याचा पंप आणि माझ्या कामाचा लॅपटॉप धरून आमची रोजची गरज दीड ते पावणेदोन युनिट निघाली. टपावर ७०० वॅट आणि सीटखाली २०० अँपिअर-अवरची, १२ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, म्हणजे अडीच युनिटांचा साठा. लेड-ॲसिड बॅटरी स्वस्त पडते, पण ती रोज निम्म्याखाली उतरवली की लवकर संपते, आणि वजन कितीतरी जास्त. कायम राहायचं असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

गंगापूर धरणाजवळ पहिला मुक्काम. ऊन चांगलं होतं आणि तिथेच सौर गाडीचा खरा पेच कळतो: माणसांना सावली हवी असते, पॅनेलला ऊन. झाडाची एक फांदी पॅनेलच्या कोपऱ्यावर आली तरी वीज निम्म्यावर येऊ शकते, कारण आतले सेल एका माळेत जोडलेले असतात. गाडी उन्हात लावून शेजारी ताडपत्री बांधणं हा उपाय आम्हाला मानवला. पॅनेल आणि टप यांच्यात चार-पाच इंच मोकळी जागा ठेवा. पॅनेल तापला की वीज घटते, हवा खेळली की तो थंड राहतो, शिवाय टपाला सावली मिळते. आणि एक कळकळीची विनंती. नाशिक शहर याच धरणाचं पाणी पितं. संडासाची टाकी किंवा भांड्यांचं साबणाचं पाणी काठावर ओतू नका. आधी विचारून, परवानगी घेऊन योग्य जागीच रिकामं करा.

त्र्यंबकला दर्शन घेऊन लगेच निघालो. मोठी गाडी गावात नेऊ नका, आणि २०२६-२७ च्या सिंहस्थात तर घरगाडी घेऊन तिकडे फिरकूच नका.

वैतरणेच्या बाजूला वळलो आणि पावसाने घेरलं. स्वच्छ उन्हात अडीच युनिटांच्या पुढे देणारे पॅनेल दाट ढगात दिवसभरात पाऊण युनिटही देईनात. तिथे कामाला आला तो डीसी-टू-डीसी चार्जर. इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरवरून तो सीटखालची बॅटरी भरतो. ३० अँपिअरचा असेल तर तासाभराच्या प्रवासात ०.४ युनिटच्या जवळपास भर पडते. कोकणात, इगतपुरीत, घाटमाथ्यावर पावसाळ्यात राहायचं असेल तर आणखी पॅनेल घेण्याआधी हा घ्या.

बाबा, म्हणजे सासरे, सातपूरच्या कारखान्यात वायरमन होते. इन्व्हर्टरवर मिक्सर लावला की ते खाली वाकून बॅटरीच्या वायरवर तळहात ठेवायचे. "सूनबाई, वायर कोमट लागली तरी ती बारीक आहे असं समजायचं." १२ व्होल्टवर १००० वॅट ओढले तर ८० अँपिअरच्या वर करंट वाहतो. घरातली वायर इथे चालत नाही. जाड केबल, शक्य तेवढी आखूड, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. बाबांनी प्रत्येक जोड पुन्हा आवळून घेतला. घाटातल्या हादऱ्यांनी नट सैल होतात. स्वयंपाक आम्ही गॅसवर ठेवला, कारण इंडक्शनला एवढी बॅटरी पुरत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तेव्हा सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी झरोक्याची जागा हवीच.

भंडारदऱ्याला, शेंडी गावात, वीज निभावली पण ओल पुरून उरली. खिडक्या बंद करून पाच माणसं झोपली की पहाटे पत्र्याच्या पट्ट्यांवर थेंब साचतात, धाकट्याच्या गादीची खालची बाजू ओली लागते. गाद्यांखाली लाकडी पट्ट्या टाका, म्हणजे हवा जाईल. टपाला बाहेर हवा फेकणारा छोटा पंखा बसवा आणि तो पावसातही चालू ठेवा. धरणाच्या काठावर चिखलात गाडी उतरवू नका. भरलेल्या १५० लिटर टाकीचंच वजन दीडशे किलो होतं. मुरमाची जागा पाहा, शेताच्या मालकाला विचारा, त्याला पैसे द्या. शनिवार-रविवार आणि काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मे अखेर ते जूनमध्ये, इथे उभं राहायलाही जागा नसते.

कागदपत्रांचं काम मात्र निघण्याच्या कितीतरी आधी हाती घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करायला आरटीओची मान्यता आणि आरसीवर नोंद लागते. विमा कंपनीलाही तो बदल कळवायचा. कायमचा पत्ता कुणाचा तरी ठेवावा लागतो, आम्ही माझ्या भावाचा ठेवतोय. मुलांच्या शाळेसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा मार्ग आहे. मोठीची दहावी आम्ही तिथूनच करून घेणार आहोत. प्रवेशाच्या आणि परीक्षेच्या तारखा पाहूनच पुढचा मार्ग आखतोय.