पंचवीसचा पाढा

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एकही मोठा व्यावसायिक संघ नाही. फुटबॉलचा नाही, बास्केटबॉलचा नाही, बेसबॉलचाही नाही. त्यामुळे शिकागोसारख्या शहरात चार-पाच संघांत वाटली जाणारी माया आणि शिव्या इथे सगळ्या कॉलेजच्या पोरांवर कोसळतात. एम्सकडची मंडळी आयोवा स्टेट विद्यापीठाच्या सायक्लोन्सची, आम्ही आयोवा सिटीवाले आयोवा विद्यापीठाच्या हॉकआइजचे. गावाची वस्ती पाऊण लाखाच्या आसपास आणि किनिक स्टेडियममध्ये मावतात एकोणसत्तर हजार माणसं. म्हणजे सामन्याच्या शनिवारी एक दुसरं गाव येऊन आमच्या गावाच्या मांडीवर बसतं. सामना साडेतीन तासांत संपतो. मग आठवडाभर एकच खल: आपल्या ऑफेन्सचं, म्हणजे चेंडू घेऊन पुढे सरकणाऱ्या फळीचं, करायचं काय?

हा फुटबॉल लंबगोल चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा. चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाऊनमध्ये, दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न. तीन फुकट गेले तर चौथ्याला बहुधा चेंडू लाथेने लांब उडवून समोरच्यांना देऊन टाकायचा, त्याला पंट म्हणतात. एवढं कळलं की मत द्यायला मोकळे. हवामानावरच्या गप्पा इथे दुसऱ्या वाक्याला थंडावतात, पण ‘तिसऱ्या डाऊनला आठ यार्ड हवे असताना पाच यार्डांचा पास कोण टाकतं?’ असं नुसतं पुटपुटलं तरी किराण्याच्या रांगेतली पुढची-मागची दोन्ही माणसं वळून सामील होतात. माझ्या दातांच्या डॉक्टरांनी तर माझ्या तोंडात दोन्ही हात घालून मला ‘आउटसाइड झोन’ नावाचा धावेचा डाव समजावला होता. मला हरकत घेता येत नव्हती. चाहत्याला याहून चांगला श्रोता मिळणं कठीण.

गंमत अशी, की या सगळ्या तर्कांना आधार फार थोडा. सराव बंद दाराआड चालतो. प्रशिक्षक पत्रकारांशी बोलतात ते ‘आम्हाला सुधारायला हवं’ यापलीकडे क्वचित जातं. लोकांना दिसतात शनिवारचे साठ-सत्तर डाव, आणि त्यावरून ते ठरवतात की टाइट एंडला (समोरच्यांना अडवणारा आणि पासही झेलणारा गडी) चेंडू का दिला नाही, कोण कोणावर रुसलं आहे, कोणत्या पोराचा खांदा दुखतो आहे. टाइट एंड हा इथला हळवा विषय. जॉर्ज किटल, सॅम लापोर्टा ही इथलीच पोरं. २०१९ मध्ये हॉकन्सन आणि फँट हे आयोवाचे दोन टाइट एंड एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिल्याच फेरीत उचलले गेले, आणि गावाला आनंद झाला तो अर्धाच. असे दोन हिरे एकाच वेळी आपल्याकडे होते, तरी आपण नऊच सामने जिंकलो?

सगळ्यात लाडका मात्र नेहमी राखीव क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणाऱ्या मुख्य गड्याचा बदली. खेळणाऱ्याच्या चुका सगळ्यांना दिसतात. बाकावरचा बिचारा टोपी घालून, हातात पाटी धरून उभा असतो, त्याच्या हातून आजवर एकही पास वाया गेलेला नाही. त्याला आत घेतला, की दोन आठवड्यांत नवा लाडका बाकावर येऊन बसलेला असतो.

२०२३च्या शरदात बाबा सांगलीहून आले. हयात सहकारी साखर कारखान्याच्या हिशेबखात्यात गेलेली. पहिल्या शनिवारी टीव्हीसमोर बसले आणि पाचव्या मिनिटाला म्हणाले, “अगं, मुख्य कोच फेरेंट्झ आणि हा ऑफेन्सचा कोऑर्डिनेटरही फेरेंट्झ, हे कसं काय?” मी सांगितलं, कर्क फेरेंट्झ १९९९ पासून मुख्य प्रशिक्षक आहेत आणि ब्रायन हा त्यांचा मुलगा, २०१७ पासून ऑफेन्स त्याच्याकडे आहे. बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. “आमच्याकडे निदान पोराला आधी दूध संघावर घेतात.”

कागदोपत्री मुलगा वडिलांच्या हाताखाली नव्हता, विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांच्या हाताखाली होता. हे ऐकून बाबांना फारच घरच्यासारखं वाटलं.

त्याआधीचं २०२२ चं वर्ष हॉकआय चाहत्यांनी कसं काढलं ते त्यांनाच ठाऊक. सामन्याला सरासरी १७.७ गुण, आणि यार्डांच्या यादीत १३१ संघांत शेवटून दुसरा नंबर. मोसमाचा पहिलाच सामना साउथ डकोटा स्टेटशी, म्हणजे एका पायरीने खालच्या गटातल्या संघाशी. तो आयोवाने ७-३ असा जिंकला. सात म्हणजे एक टचडाऊन (चेंडू समोरच्यांच्या गोलक्षेत्रात नेल्याचे सहा) आणि वरचा एक, असं कुणालाही वाटेल. इथे तसं नव्हतं. एक फील्ड गोल, म्हणजे लाथेने खांबांमधून उडवलेला चेंडू, त्याचे तीन. आणि डिफेन्सने समोरच्याला त्याच्याच गोलक्षेत्रात दोनदा दाबून मिळवलेल्या दोन सेफ्टी, त्यांचे दोन-दोन. ऑफेन्सची कमाई तीन गुण. असा विजय साजरा करायचा की त्याचं सुतक पाळायचं, यावर लोक आठवडाभर भांडले. साउथ डकोटा स्टेटने पुढे त्या वर्षी आपल्या गटाचं विजेतेपद मिळवलं, तेव्हा फेरेंट्झ पक्षाला तेवढाच आधार मिळाला.

मग फेब्रुवारी २०२३ मध्ये विद्यापीठाने ब्रायनच्या करारात बदल केला. पगार पन्नास हजार डॉलरनी कमी, साडेआठ लाखांवर. पुढचा करार हवा असेल तर किमान सात विजय आणि सामन्याला सरासरी २५ गुण. तेरा सामने धरले तर ३२५. गुण ऑफेन्सचेच हवेत अशी अट नव्हती. डिफेन्सने चेंडू पळवून नेला तरी ते मुलाच्याच खात्यावर जमा.

बाबांनी वही काढली. क्रिकेटच्या देशातून आलेल्या, त्यातून हिशेबखात्यातल्या माणसाला रिक्वायर्ड रन रेट काढायला कुणी शिकवावं लागत नाही. यूटा स्टेटविरुद्ध २४, म्हणजे पहिल्याच पावलाला एका गुणाने ठेच. आयोवा स्टेटविरुद्ध २०. वेस्टर्न मिशिगनला मात्र ४१ लावले. तीन सामन्यांत ८५, सरासरी अठ्ठावीसच्या वर, गाडी रुळावर. चौथ्या शनिवारी पेन स्टेटने ३१-० असं झोडपलं. आता उरलेल्या नऊ सामन्यांत २४०, सामन्याला जवळजवळ पावणेसत्तावीस. मग २६, २०, १५.

मला विचाराल तर त्या आकड्याने सगळी मजा घालवली. आधी माणसं वाद घालत होती: धाव डावीकडून हवी होती की उजवीकडून, लांब पास टाकायला समोरच्यांना अडवणारी लाइन वेळ देते का, पोरगा घाबरला आहे की त्याला तसंच शिकवलं आहे. या वादांना तळ नव्हता, म्हणून ते चालत. करारात पंचवीस लिहिल्यावर सगळं गाव कारकून झालं. दातांचे डॉक्टरसुद्धा आता झोनबद्दल बोलत नव्हते. “आता किती लागतात?” एवढंच विचारत. मी बाबांच्या वहीतला आकडा सांगत असे.

मिनेसोटाचा सामना मात्र कारकुनीच्या बाहेरचा. दीड मिनिटाहून कमी वेळ उरलेला, आयोवा दोन गुणांनी मागे. कूपर डीजीनने समोरच्यांचा पंट उचलला आणि चोपन्न यार्ड पळत जाऊन टचडाऊन केला. बाबा सोफ्यावर उभे राहिले, वय वर्षे सत्तर. मग पंचांनी चित्रफीत पाहून निकाल दिला, की चेंडू उचलायच्या आधी डीजीनने हात हलवला होता आणि तो ‘मी पळणार नाही’ अशा खुणेसारखा धरला जाईल, म्हणून टचडाऊन रद्द. १०-१२ ने हार. आठ सामन्यांत १५६. उरलेल्या पाचांत १६९ हवेत, म्हणजे सामन्याला चौतीसच्या जवळ. तीस ऑक्टोबरला विद्यापीठाने जाहीर केलं, की हा मोसम ब्रायनचा शेवटचा. संघाने तोवर आठपैकी सहा सामने जिंकले होते, ही बाब मोजणीच्या भरात कुणाला आठवत नव्हती.

पुढे संघाने आपल्या विभागाचं विजेतेपदही मिळवलं, आणि शेवटच्या दोन्ही सामन्यांत शून्य केलं: मिशिगनकडून २६-०, टेनेसीकडून ३५-०. चौदा सामन्यांत २१६. बाबांनी खाली दुहेरी रेघ मारली.

त्या मोसमात किनिकवर खरा जल्लोष व्हायचा तो टोरी टेलरसाठी. मेलबर्नहून आलेला हा पंटर. ऑफेन्स तीन डाव खेळून खाली मान घालून बाहेर आला, की हा आत यायचा आणि लोक उभे राहायचे. वर्षभरात त्याने ४,४७९ यार्ड चेंडू उडवला आणि १९३८ पासूनचा विक्रम मोडला. एवढे यार्ड जमवायला एवढ्यांदा पंट करावा लागतो, याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. तरी टाळ्या मनापासूनच्या होत्या.

२०२४ ला टिम लेस्टर हा नवा कोऑर्डिनेटर आला. चेंडू सुटायच्या आधी खेळाडू इकडून तिकडे सरकायला लागले, आणि तेवढ्यानेच गावात पाऊस पडल्यासारखा आनंद झाला. केलेब जॉन्सनने १,५३७ यार्ड धाव घेतली, धावून २१ टचडाऊन केले. मग रडगाणं पासकडे वळलं. कुणाच्या करारातला आकडा आता लोकांच्या तोंडी नाही, त्यामुळे वाद पुन्हा भरात आहेत. २०२५ ला नवा क्वार्टरबॅक म्हणून मार्क ग्रोनोव्स्की आला, म्हणजे ७-३ च्या सामन्यात साउथ डकोटा स्टेटकडून खेळलेला तोच. आपल्या डिफेन्सने तीन गुणांत गुंडाळलेला पोरगा आपल्या ऑफेन्सला कसा तारणार, असं एक मत. त्याला आपला डिफेन्स आतून-बाहेरून माहीत आहे, असं दुसरं. त्याचा क्वार्टरबॅकला काय उपयोग, हे दातांच्या डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी मला तोंड उघडायला सांगितलं.

बाबा आता सांगलीत असतात. सामने तिथल्या मध्यरात्री लागतात, ते सकाळी फक्त निकाल पाहतात. त्या मोसमात एका रविवारी फोन आला.

“ग्रोनोव्स्की ठीक आहे गं,” ते म्हणाले, “पण तो दुसरा का खेळवत नाहीत?”

“कोण दुसरा?”

“नाव माहीत नाही. पण बाकावर असेलच ना कुणीतरी.”