तुम्ही विचारलंत म्हणून: साच्यात का नाही ओतत?

"साच्यात ओतलीस तर हजारो भिंगं निघतील. एकेक छापण्यात इतका वेळ का घालवतेस?" नातेवाईक विचारतात, विद्यार्थी विचारतात, प्रकाशशास्त्रात मुरलेले लोकही विचारतात. मी लेसरने इवलीशी भिंगं थ्रीडी पद्धतीने छापते, म्हणून हा प्रश्न. एकदा नीट उत्तर देते.

साचा जलद आणि स्वस्त, मान्य. मोबाइल कॅमेऱ्यातली प्लास्टिकची भिंगं साच्यातच व्हावीत. पण माझं भिंग ऑप्टिकल फायबरच्या, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या धाग्याच्या, टोकावर बसतं. फायबरचा व्यास १२५ मायक्रॉन, जाडसर केसाएवढा. त्यावर एकावर एक दोन भिंगं, मध्ये हवा, दोघांचा अक्ष एकच. सुटी भिंगं त्या टोकावर रचून पाहा म्हणजे कळेल. छापताना भिंगं आणि त्यांना तोलणारे खांब एकाच रेझिनमधून, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवातून, एकत्र घडतात. ७८० नॅनोमीटरचा लेसर रेझिनमधून आरपार जातो. तो जिथे फोकस होतो तिथेच प्रकाश इतका दाटतो की रेणू एकदम दोन फोटॉन (प्रकाशकण) शोषतो, आणि तेवढाच ठिपका घट्ट होतो. भौतिकशास्त्रज्ञ मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३१ मध्ये कागदावर मांडलेल्या या गोष्टीच्या जोरावर स्टुटगार्टच्या संशोधकांनी २०१६ मध्ये फायबरच्या टोकावर अनेक भिंगांचं ऑब्जेक्टिव्ह (प्रतिमा घडवणारा भिंगसंच) छापून दाखवलं.

तरीही हा प्रश्न मला झोंबतो, त्याचं कारण एक जोडभिंग आहे. छपाई निर्दोष झाली होती. उरलेलं पातळ रेझिन द्रावकात धुतलं, भिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमधून काढलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली वाळताना बघत बसले. दोन भिंगांमधल्या पोकळीतला द्रव आटू लागला. त्याची चकचकीत कड आत आत सरकली, वरचं भिंग तिच्यासोबत खाली ओढलं गेलं. एक खांब वाकला. भिंग तिरकं होऊन खालच्याला टेकलं आणि तिथेच चिकटलं. या मापावर वजनाला कोणी विचारत नाही, सगळी सत्ता पृष्ठताणाची. त्या दिवशी तुमचा प्रश्न मीच मला विचारला, आणि उत्तर सुचलं नाही.

खांब जाड करावेत, तर मधल्या खिडक्या अरुंद होतात आणि रेझिन आत अडकून भिंगावर धूसर थर बसतो. खिडक्या रुंद ठेवाव्यात, तर खांब वाकतात. शिवाय घट्ट होताना रेझिन आकसतं. तळ फायबरला धरलेला, वरचा भाग मोकळा, त्यामुळे आकसणंही सारखं नाही. छापलेला आकार मोजायचा, फरक उलटा करून डिझाइनमध्ये घालायचा, पुन्हा छापायचं. प्रत्येक नव्या डिझाइनला हे सगळं पहिल्यापासून.

सुरुवातीला मी छातीठोकपणे म्हणायची, साच्यांचे दिवस भरले. आता तसं म्हणवत नाही. एक नमुना छापून त्यावरून साचा काढतातही, आणि सुट्या, उघड्या भिंगासाठी तेच योग्य. पण आत पोकळी असलेलं जोडभिंग साच्यातून सुटणार कसं? ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. वेळेबद्दलच्या तुमच्या तक्रारीला माझ्याकडेही उत्तर नाही.